भव्यतेला ३०, इतिहासाला १०: महोत्सवाच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

आयोजक मंडळी आणि ऐतिहासिक विभागाचे परीक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या ऐतिहासिक विभागाची नवी गुणपत्रिका तुम्ही जाहीर केलीत आणि तिच्याखाली ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ ही नेहमीची ओळ टाकलीत. ती ओळ मला मान्य आहे. निकालावर दाद मागायला मी हे लिहीत नाही. यंदा माझं काम असलेला एकही चित्रपट स्पर्धेत नव्हता. माझी तक्रार गुणपत्रिकेबद्दल आहे आणि ती मी तुम्हाला दोनदा ईमेलनं कळवली होती. पहिल्या ईमेलला ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. दुसऱ्याला तेवढंही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर.

मी वेशभूषा करते. छोट्या, कायम पैशाच्या ओढीत असलेल्या चित्रपटांसाठी जुन्या काळाचे कपडे शिवते, शिवून घेते आणि मग ते नवे दिसू नयेत म्हणून स्वतःच्या हातानं त्यांची वाट लावते. कॉलर घासायची, कोपरं विरवायची, चहाच्या पाण्यात कापड बुडवायचं, खिशात दगड घालून कोट आठवडाभर टांगून ठेवायचा म्हणजे तो अंगाला सवयीचा असल्यासारखा लोंबतो. शिवाय सलग तीन वर्षं मी तुमच्या प्राथमिक फेरीत बसून चित्रपट पाहिले आहेत, त्यामुळे गुण कसे पडतात ते मला आतून ठाऊक आहे.

नवी गुणपत्रिका अशी: निर्मितीमूल्य आणि भव्यता ३०, अभिनय २५, पटकथा-दिग्दर्शन २५, तांत्रिक बाजू १०, ऐतिहासिक अचूकता १०. एकूण १००. स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात, म्हणजे ज्यांच्यामागे स्टुडिओ नाही अशांसाठी भरवलेल्या महोत्सवात, सर्वांत जड रकाना भव्यतेचा.

तुम्हाला वाटेल, आता ही बाई अचूकतेला ३० द्या म्हणणार. नाही. माझ्या मते तो दहाचा रकानाही चुकलेलाच आहे. का, ते सांगण्याआधी दोन चित्रपटांबद्दल बोलते. नावं घेत नाही. गेल्या वर्षी ते शेवटच्या यादीसाठी समोरासमोर आले होते.

एक चित्रपट साथीच्या काळातल्या एका घराचा. चार माणसं, एक अंगण, बाहेरचं जग जवळजवळ नाहीच. त्यात एक दृश्य आहे: मेलेल्या नवऱ्याच्या अंगरख्याची बाही बाई उसवते आहे, पोराच्या अंगरख्याला लावायला. दोरा ओढून काढते, पण फेकत नाही. बोटाभोवती गुंडाळत जाते. मग ओठांत धरून ओला करते, त्याचा पीळ सरळ करते आणि त्याच दोऱ्यानं पुन्हा शिवायला बसते. कॅमेरा जवळ आहे. बाहीवर जुन्या शिवणीची भोकं एका ओळीत दिसतात आणि नवा धावदोरा त्या भोकांना चुकवत जातो. संवाद एकही नाही. सूत हातानं कातलं जायचं तेव्हा हातभर दोऱ्यालाही किंमत होती, हे कुणीतरी वाचलं होतं, कुणीतरी त्या बाईला शिकवलं होतं आणि कुणीतरी तिथं कॅमेरा थांबवला होता. मी ते दृश्य तीनदा मागे घेऊन पाहिलं.

दुसरा चित्रपट सतराव्या शतकातला. तट, बुरूज, घोडे, ड्रोननं वरून घेतलेली छावणी. वाईट नव्हता, हेही सांगते. त्यातल्या म्हाताऱ्या सरदाराचं काम फार चांगलं होतं. पण दरबाराच्या दृश्यात झाडून सगळे नोकरचाकर डोळ्यांत घुसणाऱ्या जांभळ्या रंगात उभे. तसला जांभळा रंग दगडी कोळशाच्या डांबरातून विल्यम पर्किनच्या हाती लागला तो १८५६ मध्ये. त्याआधी जांभळा मिळायचा, पण तो मिळवण्याचा खर्च बघता तो पंख्यानं वारा घालणाऱ्याच्या अंगावर येण्याची शक्यता फार कमी. आणि सरदाराच्या क्लोजअपमध्ये गळ्यापाशी ओव्हरलॉकची टीप. ते मशीन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं.

बैठकीत पहिल्या चित्रपटाबद्दल एक परीक्षक म्हणाले, “कपडे फारच साधे आहेत. पिरियड वाटत नाही.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याबद्दल: “हा बघताना लगेच काळ उभा राहतो.” पहिला यादीतून गेला.

ओव्हरलॉकची टीप मी तेव्हा दाखवली आणि आता तिचा मला थोडा पश्चात्ताप होतो. कारण बैठकीचा सूर लगेच बदलला आणि सगळे चुका शोधायला लागले. मनगटावरचं घड्याळ, आकाशातली विमानाची रेघ. हा खेळ मजेचा आहे, पण ते परीक्षण नव्हे. माझ्याच एका चित्रपटात, जो एकोणिसाव्या शतकात घडतो, नायिका वळते तेव्हा पाठीवर चेन दिसते. आज आपण वापरतो तशी चेन १९१३ च्या सुमाराची. कपडा घाईत बदलायचा होता, हुक लावायला वेळ नव्हता, म्हणून मीच ती लावली आणि वरून शाल घ्यायला सांगितली. शाल घसरली. संकलनात कुणाच्या लक्षात आलं नाही, पडद्यावर माझ्या आलं. आतल्या बाजूनं तर मी सर्रास मशीन मारते. कॅमेरा तिथं जाणार नसतो आणि हातशिलाईला माझ्याकडे माणसं नसतात. तेव्हा अचूकतेच्या रकान्यात मी स्वतःच नापास आहे.

पण त्या रकान्याशी माझं खरं भांडण वेगळं आहे. चुकीत आणि ठरवून केलेल्या मोडतोडीत त्याला फरक करता येत नाही. पीटर वॉटकिन्सनं १९६४ मध्ये बीबीसीसाठी ‘कलोडन’ केला. स्कॉटलंडमधली ही लढाई १६ एप्रिल १७४६ ची, आणि तिथं चक्क टीव्हीचा वार्ताहर आणि कॅमेरा हजर. सैनिक कॅमेऱ्याकडे बघून मुलाखती देतात. बहुतेक सगळे हौशी कलाकार, चेहऱ्यांवर थंडी आणि भूक. तुमच्या गुणपत्रिकेनं ‘१७४६ मध्ये टीव्ही नव्हता’ म्हणून गुण कापले पाहिजेत. ॲलेक्स कॉक्सच्या १९८७ सालच्या ‘वॉकर’मध्ये १८५० च्या दशकातल्या निकाराग्वात शेवटी हेलिकॉप्टर उतरतं. तिथं तर शून्यच. उलट ‘ब्रेव्हहार्ट’ घ्या. १२९७ ची स्टर्लिंग पुलाची लढाई, आणि पडद्यावर पूलच नाही. त्या लढाईचा सगळा डावच अरुंद पुलावर अर्धं सैन्य अडकण्यावर उभा होता. हेलिकॉप्टर दाखवणाऱ्यानं आपण काय करतोय ते उघड सांगितलं आहे. पूल गाळणाऱ्यानं सांगितलेलं नाही, आणि बघणाऱ्याला कळायचा काही मार्गही ठेवलेला नाही. मला फरक इथं दिसतो. तुमच्या कागदावर मात्र पहिले दोघे मार खातात आणि तिसरा भव्यतेत सगळं भरून काढतो.

भव्यतेशी माझं वैर नाही, हेही स्पष्ट करते. ‘बॅरी लिंडन’साठी क्युब्रिकनं नासासाठी बनवलेली झाइसची एफ ०.७ ची, म्हणजे अगदी थोड्या उजेडातही चित्र टिपणारी, भिंगं कॅमेऱ्याला बसवून घेतली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्यं टिपली. पैसा ओतला, पण अठराव्या शतकातली संध्याकाळ किती काळोखी होती हे दाखवायला. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो यांचा ‘विन्स्टनली’ आला. १६४९ मध्ये पडीक जमीन खणून ती सगळ्यांची आहे म्हणणाऱ्या गरीब लोकांची गोष्ट. कृष्णधवल, नायकाच्या भूमिकेत एक शाळामास्तर, कलाकार जवळजवळ सगळे हौशी, आणि सैनिकांची चिलखतं टॉवर ऑफ लंडनच्या संग्रहातून मागून आणलेली खरी. हे दोन्ही चित्रपट तुमच्याकडे आले असते तर पहिल्याला तीसपैकी तीस आणि दुसऱ्याला फार तर आठ पडले असते. विचारलेला प्रश्न दोघांचा एकच होता.

आणि रोझेलिनीचा १९६६ चा चौदाव्या लुईवरचा चित्रपट. फ्रेंच टीव्हीसाठी, थोडक्या पैशांत. लुईचं काम करणारा माणूस नट नव्हताच. त्याला संवाद पाठ होईनात, म्हणून ते फळ्यांवर लिहून कॅमेऱ्याच्या बाजूला धरत. तो समोरच्याकडे न बघता भलतीकडे बघून बोलतो, आणि नेमकं त्यामुळेच कुणालाही खिजगणतीत न धरणारा राजा उभा राहतो. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट वेगळीच. राजा शिंप्याला बोलावून सरदारांनी काय घालायचं ते ठरवतो. फिती, लेस, पिसं, इतकं महागडं की कपड्यांपायी सरदार कर्जात बुडावेत आणि राजाच्या दारात बसावेत. तिथं कपडा हाच राज्यकारभार आहे. याला ‘वेशभूषा उत्तम’ म्हणून निर्मितीमूल्याच्या रकान्यात टाकणं म्हणजे चित्रपट न कळणं.

आता ‘पिरियड वाटत नाही’ या वाक्याकडे येते, कारण गेली तीन वर्षं मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला नीट कळला आहे. काळ कुणीच पाहिलेला नाही. आपण पाहिलेत ते त्या काळावरचे आधीचे चित्रपट. तेव्हा ‘पिरियड वाटत नाही’ म्हणजे ‘आधीच्या चित्रपटांसारखा वाटत नाही’. आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवरून सैनिक रांगेनं गोळ्या झाडत उतरतात. १९०५ मध्ये त्या शहरात माणसं मारली गेली हे खरं, पण पायऱ्यांवरचा तो प्रसंग तसाच्या तसा घडला नव्हता, तो रचलेला आहे. तरी कित्येकांना ओडेसा म्हटलं की त्या पायऱ्याच आठवतात. एवढी ताकद असलेलं माध्यम आहे हे. मग ज्या दिग्दर्शकानं आधीचे चित्रपट बाजूला ठेवून जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, संग्रहालयातली एक फाटकी बाही पाहिली, त्याचा चित्रपट आपल्याला अनोळखी वाटणारच. त्या अनोळखीपणाचे तुम्ही गुण कापता. बोलण्याचंही तेच. पात्रं पोथीतल्यासारखी बोलली की ‘भाषा छान जपली आहे’, आणि माणसांसारखी बोलली की ‘फार आजची वाटते’. जुन्या काळीही लोक वाक्य अर्धं सोडून उठून जात असतील की!

विभागात कथापट आणि माहितीपट तुम्ही यंदा एकत्र केलेत, त्याबद्दल थोडक्यात. एकत्र करायला हरकत नाही, पण मग अभिलेखातल्या चित्रफितींबद्दल नियम हवा. मूळ फीत, रंगवलेली फीत, नव्यानं चित्रित केलेलं दृश्य आणि यंत्राकडून तयार करून घेतलेलं ‘जुनं’ दृश्य या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पीटर जॅक्सननं २०१८ च्या पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटात जुन्या फितींना रंग आणि आवाज दिला, वेग दुरुस्त केला, आणि ते सगळं जाहीरपणे केलं. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली दृश्यं माहितीपटात वापरताना काय पाळावं, याची सूचनावली माहितीपटांसाठी जुन्या फिती शोधून देणाऱ्या निर्मात्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये काढली आहे. तुमच्या प्रवेशिकेत मात्र याबद्दल एक साधा चौकोनसुद्धा नाही. यंदाच्या यादीतल्या एका चित्रपटात बाजारातल्या गर्दीची एक ‘दुर्मीळ’ फीत आहे. तिच्यात एका माणसाच्या हाताला सहा बोटं आहेत.

आणखी एक गोष्ट लिहायला मला संकोच वाटतो, कारण ती माझ्या सहकाऱ्यांबद्दल आहे. प्रवेशिकेची लिंक किती वेळ पाहिली गेली हे पाठवणाऱ्याला दिसतं. एका दिग्दर्शिकेनं मला तिच्या ९४ मिनिटांच्या चित्रपटाची नोंद दाखवली. तुमच्याकडून एकदाच उघडला, ११ मिनिटांनी बंद. तिनं प्रवेश फी भरली होती. मी समजू शकते, प्राथमिक फेरीत एकेकाकडे चाळीस-चाळीस चित्रपट असतात आणि तेही नोकरी सांभाळून. पण इतिहासपट पहिल्या ११ मिनिटांत बहुधा आपलं जगच उभं करत असतो. तेवढ्यावर हात झटकायचे तर मग ड्रोननं सुरू होणाराच पुढे जाणार.

मग मोजायचं काय? माझ्यापुरतं उत्तर मला एका इतिहासकार बाईंमुळे मिळालं. सोळाव्या शतकातल्या मार्तां गेर या शेतकऱ्याच्या तोतयाची गोष्ट, ज्याला १५६० मध्ये फाशी झाली, तिच्यावरच्या १९८२ च्या फ्रेंच चित्रपटाला नॅटली झेमन डेव्हिस सल्लागार होत्या. काम करताना त्यांना जाणवलं की पडद्यावर ‘कदाचित’ला जागाच नाही. कागदपत्रं जिथं गप्प असतात तिथंही कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावंच लागतं. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच घटनेवर पुस्तक लिहिलं, त्यात ते सगळे ‘कदाचित’ परत आणले. प्रत्येक इतिहासपटात असे शेकडो ‘कदाचित’ बुजवलेले असतात. नोकराणी दारातून कशी आत यायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते आम्हीच ठरवतो. परीक्षकांनी विचारायला हवं ते हे: या लोकांना काय माहीत होतं, कुठून कळलं, आणि जिथं माहीत नव्हतं तिथं त्यांनी काय ठरवलं, का ठरवलं? याला पैसे लागत नाहीत. भव्य चित्रपटालाही याचं उत्तर देता येतं, सहा जणांनी केलेल्यालाही.

मागण्या अशा.

भव्यतेचा रकाना काढा. निर्मितीमूल्य ठेवायचं तर १० गुणांचं ठेवा, आणि ते हाती असलेल्या साधनांच्या हिशेबात मोजा.

अचूकतेच्या जागी ३० गुणांचा एक रकाना ठेवा: अभ्यास आणि निवड. त्यासाठी प्रत्येक प्रवेशिकेबरोबर दिग्दर्शकाकडून एक पान मागवा. त्यावर तीनच गोष्टी: काय आधारावर आहे, काय रचलं आहे, काय मुद्दाम मोडलं आहे. एकाच पानाची सक्ती करा, नाहीतर लोक प्रबंध पाठवतील आणि तोही कुणी वाचणार नाही. यंत्रानं बनवलेलं प्रत्येक दृश्य त्या पानावर आलं पाहिजे. लपवलेलं आढळलं तर प्रवेशिका बाद.

परीक्षक मंडळात जुन्या काळाशी हातानं संबंध असलेला निदान एक माणूस घ्या. इतिहासाचे प्राध्यापक चालतील, पण मी फक्त त्यांच्याबद्दल बोलत नाही. संग्रहालयात कापड जपणारी व्यक्ती, जुनी लिपी वाचणारी, जुनी घरं दुरुस्त करणारी, कुणीही. मात्र त्या व्यक्तीला चुका दाखवायला बसवू नका, शंका विचारायला बसवा.

प्राथमिक फेरीत चित्रपट पूर्ण पाहिल्याशिवाय नाकारायचा नाही. चित्रपट जास्त झाले तर पाहणारे वाढवा, नाहीतर प्रवेशिका कमी घ्या. आणि नाकारलेल्यांना तीन ओळींचा अभिप्राय द्या. फी घेतली आहे तुम्ही.

मी प्राथमिक फेरीचा राजीनामा दिलेला नाही. वर लिहिलेल्यातलं काही झालं तर पुढच्या वर्षीही येईन, पूर्वीसारखीच बिनमानधनाची. नाही झालं तर माझं नाव यादीतून काढा. रागावून म्हणत नाही, पण ३० आणि १० च्या त्या कागदावर मला सही करता येणार नाही.

ते एक पान कसं असेल, असा प्रश्न येईल म्हणून नमुना सोबत जोडते आहे. दुसऱ्या कुणाचा चित्रपट कशाला, माझ्याच त्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रपटाचं पान भरलं आहे, दिग्दर्शकाच्या परवानगीनं. आधाराच्या भागात अकरा गोष्टी निघाल्या, रचलेल्या भागात सव्वीस. मोडलेल्यात दोन. चौथा भाग तुमच्या नमुन्यात नको, पण मला घालावा लागला. त्यात एकच ओळ आहे: बाराव्या दृश्यात नायिकेच्या पाठीवर चेन दिसते, ती वेशभूषाकाराची चूक आहे.

आपली,
तीन वर्षं प्राथमिक फेरीत बसलेली एक वेशभूषाकार